गळ्यातली पाहुणी

मी एक नळी आहे. लांबीने तुमच्या करंगळीएवढी, अंगाने जरा वाकलेली, रंगाने चंदेरी. माझ्या पोटात आणखी एक बारीक नळी बसते, तिला मी धाकटी म्हणते. आम्हा दोघींना मिळून एकच काम येतं. माणसाच्या गळ्याला पाडलेल्या भोकात बसायचं आणि श्वासाला वाट करून द्यायची. नाकातोंडाकडून येणारी मोठी वाट बंद पडली, की माणसं आमच्या वाटेने जगतात.

काम ऐकून तोंड वाकडं करू नका. माझी हकिगत आनंदाची आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यातला. तिथे एक म्हातारे कारागीर होते. प्रत्येक नळीच्या कडेवरून ते डोळे मिटून बोट फिरवायचे आणि जरा कुठे खरखर लागली की पुन्हा घासायला घ्यायचे. “गळ्यात जायचंय हिला,” ते शेजारच्याला सांगायचे, “दागिन्यापेक्षा गुळगुळीत हवी.” तेव्हा मला वाटलं, आपण कुणाच्या तरी लग्नात मिरवणार. प्रत्यक्षात मी हॉस्पिटलच्या कपाटात जाऊन पडले, आणि तिथून थेट ताईच्या गळ्यात पडले.

ताई म्हणजे पोहायला शिकवणारी बाई. वय चव्वेचाळीस, खांदे रुंद, आणि आवाज असा की तलावाच्या या टोकाला ती ओरडली की त्या टोकाचं मूल पाय मारायला लागायचं. वीस वर्षांत निदान हजारभर पोरं तिने पाण्यात ढकलली आणि हजारच्या हजार हसत बाहेर काढली. सगळी तिला ताईच म्हणायची. पुढे पुढे त्यांचे आईबापही म्हणायला लागले.

घरात तिघं. ताई, तिचा नवरा आणि सासूबाई. नवरा नळ-पाइपांची कामं करायचा. सगळे त्याला फिटर म्हणत, त्यामुळे मीही तेच म्हणते. सासूबाईंना पंधरा वर्षांपासून ऐकू कमी येत होतं. कानाचं मशीन आणलं होतं, पण त्यातून भांड्यांचा आवाज मोठा येतो आणि माणसांचा बारीक, अशी तक्रार करून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. ताईचा आवाज मात्र त्यांना मशीनशिवाय ऐकू यायचा. “माझी सून म्हणजे देवाने दिलेला भोंगा,” असं त्या कौतुकाने सांगायच्या.

अशा या घरात आजार शिरला. ताईला न्यूमोनिया झाला, फुप्फुसं भरली आणि तिला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. तोंडातून श्वासनळीत एक नळी घातली. ती आमच्याच गोतावळ्यातली, पण प्लास्टिकची. ती जागची हलू नये म्हणून तिच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. एकवीस दिवस तो फुगा ताईच्या श्वासनळीच्या भिंतीला टेकून बसला. त्या नळीने तिचा जीव वाचवला, यात वाद नाही. पण जाताना तिने आत एक जखम ठेवली.

ताई बरी होऊन घरी आली तेव्हा फिटरने साऱ्या गल्लीला चहा पाजला. दोन महिने बरे गेले. मग जिना चढताना तिला धाप लागायला लागली. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. जवळच्या डॉक्टरांनी दमा म्हणून तोंडात मारायचा फवारा दिला. तिने मारला, पण फरक शून्य.

शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती. खरी गोष्ट दिसली ती जिला ऐकूच येत नव्हतं तिला. एका सकाळी सासूबाईंनी भाजी निवडता निवडता हात थांबवला आणि ताईच्या गळ्याकडे बघत राहिल्या.

“अगं, तू श्वास घेतेस तेव्हा इथे खड्डा पडतो,” त्यांनी स्वतःच्या गळ्याखाली, दोन हाडांच्या मधोमध बोट ठेवलं. “घेताना पडतो. सोडताना नाही. शेजारचे आजोबा दम्याचे आहेत, त्यांना सोडताना त्रास होतो. तुझं काहीतरी वेगळं आहे.”

म्हातारीचं कोण ऐकतं? पण फिटरने ऐकलं. पंप ठीक असून पाणी येत नसेल तर पाइप बघावा, हे त्याला तोंडपाठ होतं. तो ताईला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात गेला. सासूबाईही हट्टाने बरोबर गेल्या.

तिथे सर्जनबाई भेटल्या. बुटक्या, चटपटीत आणि स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी कॅमेरा घालून श्वासनळी आतून बघितली. अंगठा मावावा एवढी वाट एका जागी आखडून पेन्सिलीएवढी उरली होती.

“भाजलेली जखम भरताना कातडी आवळते ना, तसं आत झालंय,” त्या म्हणाल्या. “हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं?”

फिटरने आईकडे बोट केलं. सर्जनबाईंनी उठून म्हातारीचा हात हातात घेतला. “आजी, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं.”

आजींना शब्द कळले, कारण त्या ओठ वाचायच्या. पंधरा वर्षांत त्यांनी ही विद्या घरच्या घरी कमावली होती. “झाले असते,” त्या म्हणाल्या, “पण तेव्हा लग्न ठरलं.”

दोनदा फुग्याने वाट रुंद करून बघितली. दोन्ही वेळा तीन आठवड्यांत ती पुन्हा आवळली. आणि मग एका दुपारी, बाजारातून येताना, चौथ्या पायरीवर ताईचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. अर्ध्या तासाच्या आत ती ऑपरेशनच्या टेबलावर होती आणि तिच्या गळ्याला, आखडलेल्या जागेच्या खाली, भोक पाडलेलं होतं. पहिल्या आठवड्यात प्लास्टिकची नळी होती. नंतर ती काढून मला बसवलं.

लोक लाडक्या माणसाला गळ्यातला ताईत म्हणतात. मी ताईच्या गळ्यात होते, पण तिची लाडकी मात्र नव्हते. पहिल्या दिवशी आरशात मला बघून तिने तोंड फिरवलं. मला राग आला नाही. कुणाच्याही घरात अचानक पाहुणी येऊन बसली तर घरधनीण काय आरती ओवाळणार?

आणि मी तिचा आवाज नेला होता. फुप्फुसांतून येणारी हवा माझ्यातूनच बाहेर जायची, वर आवाजाच्या पेटीपर्यंत पोहोचायचीच नाही. माझ्यासारख्या कितीतरी नळ्यांवर बोट ठेवून माणसं बोलतात. ताईला तीही सोय नव्हती. तिची वरची वाट बंदच झाली होती, माझ्यावर बोट ठेवलं असतं तर जीवच गुदमरला असता. बोलायला तोंड उघडायचं आणि नुसते ओठ हलायचे.

त्या घरात जी शांतता पसरली ती फिटरला सोसेना. एरवी बायको फार बोलते म्हणून तो कटकट करायचा. आता तो स्वतः बडबडायला लागला. नळाच्या वॉशरबद्दल, पाण्याच्या दाबाबद्दल, शेजाऱ्याच्या गळक्या टाकीबद्दल. ताई ऐकायची आणि पाटीवर लिहायची, ‘पुरे.’

पण एका माणसासाठी ताई मुकी झालीच नव्हती. सासूबाईंना ओठ पुरेसे होते. ताई ओठ हलवायची, सासूबाई लगेच उत्तर द्यायच्या. पाटी मागे पडली. सासूबाई घरच्या दुभाष्या झाल्या, आणि काय सांगू, पहिल्या आठवड्यातच त्यांना त्या पदाची गोडी लागली.

ताई ओठांनी म्हणायची, ‘आई, यांना सांगा, येताना तुमची रक्तदाबाची गोळी आणायची आहे.’

सासूबाई मुलाला सांगायच्या, “ती म्हणते, आई दिवसभर राबतात, त्यांना संध्याकाळी जरा फिरवून आणा.”

ताई हतबल होऊन हात हलवायची. फिटर विचारायचा, “आता काय म्हणते?”

“म्हणते, आजच न्या.”

ताईला हसू आलं की माझ्यातून फुस्स फुस्स असा आवाज यायचा. तिचं हसणं तेवढं मला ऐकू येत होतं, आणि खरं सांगते, त्या दिवसांपासून आमची दोघींची मैत्री जमली. ती रोज सकाळी धाकटीला काढून कोमट पाण्यात बारीक ब्रशने घासायची, उकळायची, पुसायची, परत बसवायची. महिन्याभरात ती हे काम केस विंचरावेत इतक्या सहज करायला लागली. अन्न अंगी लागलं, गालांवर मांस आलं, चालणं वाढलं. “हेच हवंय मला,” सर्जनबाई म्हणाल्या. “आतली सूज उतरू द्या. अंगात ताकद येऊ द्या. मग बोलू.”

ताई कामावरही गेली. एकच अट होती. पाण्यापासून चार हात लांब बसायचं. गळ्याला उघडं भोक असलेला माणूस पाण्यात उतरला तर पाणी सरळ फुप्फुसात. तेव्हा ती खुर्चीवर बसायची, माझ्यावर पातळ रुमाल बांधायची, आणि तोंडाने शिट्टी फुंकता येत नाही म्हणून दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटायची. एक फटका म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. पोरं पटकन शिकली. एका चिमुरडीने जवळ येऊन रुमाल वर केला, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, “ताई, तुम्ही माशासारखा श्वास घेता का?” ताईने मान हलवली, हो. चिमुरडी सगळ्यांना ओरडून सांगत पळाली.

पण पोरं घरी गेली की ताई खुर्ची पुढे ओढायची. चार हातांचे तीन हात व्हायचे. ती पाण्याकडे बघत बसायची आणि माझ्यातून जाणारा श्वास लांब, जड व्हायचा. मी तिच्या गळ्यात होते. मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

चौथ्या महिन्यात सर्जनबाईंनी तिघांना समोर बसवलं.

“आखडलेला तुकडा कापून काढायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांना जोडायची,” त्या म्हणाल्या.

फिटर सरसावून बसला. “मधे सॉकेटचा जोड टाकून?”

“टाके घालून.”

“लांबी कमी पडेल की.”

सर्जनबाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं. “पडेल. म्हणून श्वासनळी वरखाली थोडी मोकळी करून ओढून घ्यायची. आणि नंतर आठवडाभर मान पुढे वाकवून ठेवायची, सांध्यावर ताण यायला नको.”

“ताणून जोडलेला पाइप गळतोच,” फिटर पुटपुटला. मग त्याचा आवाज बदलला. “आणि गळला तर?”

“क्वचित सांधा सुटतो. तसं झालं तर जीवावर बेतू शकतं, मी लपवणार नाही. पुन्हा नळी बसवावी लागेल, आणि पुढचं सगळं कठीण. आवाजही पहिल्यासारखाच येईल असं वचन देत नाही. दुसरा रस्ता म्हणजे ही नळी कायम ठेवायची. लोक तसेही वर्षानुवर्षं जगतात.”

फिटरने ताईकडे पाहिलं. “श्वास चाललाय ना? मग कशाला? मी एकदा तुझे ओठ निळे बघितलेत. परत नाही बघायचे मला.”

ताईने ओठ हलवले. चारच शब्द. फिटर आणि सर्जनबाई सासूबाईंकडे वळले.

सासूबाईंनी घसा खाकरला. पदराने डोळे पुसले. त्या दिवशी त्यांनी स्वतःचं एक अक्षरही घातलं नाही.

“ती म्हणते, मला पाण्यात जायचंय हो.”

फिटर सर्जनबाईंकडे वळला. मग म्हणाला, “तारीख सांगा.”

ऑपरेशनच्या सकाळी भूल चढल्यावर मला बाहेर काढून एका ट्रेमध्ये ठेवलं. जे दिसलं ते तिथून दिसलं. सर्जनबाईंनी गळ्याची घडी उघडावी तसा एकेक पदर बाजूला केला. भूल देणारे डॉक्टर एका वेगळ्या नळीने, कापलेल्या जागेतूनच, खालच्या बाजूला श्वास पुरवत होते. आखडलेला तुकडा निघाला. श्वासनळीच्या चार कड्या, माझ्या भोकासकट. जेमतेम अडीच सेंटिमीटर. एवढ्याशा तुकड्याने एक अख्खं घर चार महिने रोखून धरलं होतं.

मग टाके. आधी मागचे, मग बाजूचे, शेवटी पुढचे. शेवटच्या गाठी मारताना ताईची मान पुढे वाकवून धरली. मग गळती बघायला सर्जनबाईंनी जखमेत मिठाचं पाणी ओतलं आणि म्हणाल्या, “श्वास द्या.”

सगळे वाकून बघायला लागले. डाव्या बाजूने एक बुडबुडा वर आला.

“आहे एक लबाड,” सर्जनबाई म्हणाल्या. आणखी एक टाका. पुन्हा पाणी, पुन्हा श्वास. पाणी काचेसारखं स्थिर. कुणीतरी हुश्श म्हणालं. मी ट्रेमध्ये होते, मला हुश्श म्हणायला हवा लागते, नाहीतर मीही म्हणाले असते.

इकडे फिटरला बाहेर बसवत नव्हतं. कॉरिडॉरमधला एक नळ टपटपत होता. त्याने खिशातला पाना काढला आणि तो नळ उघडून, साफ करून, आवळून ठेवला. सर्जनबाई बाहेर आल्या. “जोडलं. गळत नाही.”

“इथलाही,” फिटर म्हणाला, आणि नळाला टेकून ढसाढसा रडला.

मला धुऊन, उकळून एका पारदर्शक डबीत घालून खाटेशेजारी ठेवलं. ताईची हनुवटी जाड दोऱ्याने छातीशी बांधलेली होती. मान वर उचलायची नाही, बोलायचं नाही, सात दिवस. फिटर समोर उभा राहिला, तिला नीट बघितलं आणि म्हणाला, “वीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा माझ्यासमोर मान खाली घातलीस.”

ताईचे खांदे हसण्याने गदगदायला लागले. नर्स धावत आली आणि तिने फिटरलाच बाहेर काढलं.

खरी अडचण सासूबाईंची झाली. सुनेचं तोंड खाली, ओठ दिसेनात. त्यांनी दोन दिवस वाकून, तिरकं होऊन, गुडघे दुखवून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्या घरून हातआरसा घेऊन आल्या आणि तो ताईच्या मांडीवर ठेवला. आरशात ओठ दिसायला लागले. मग दोघी दिवसभर आरशातून गप्पा मारत बसल्या, एकीचा आवाज नाही आणि दुसरीला कान नाहीत. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “एवढं बोलणाऱ्या सासवा-सुना मी उभ्या जन्मात पाहिल्या नाहीत.”

आठव्या दिवशी आत कॅमेरा घालून बघितलं. सांधा गुलाबी, सरळ, वाट अंगठ्याएवढी. सर्जनबाईंनी कात्रीने हनुवटीचा दोरा कापला. “हळूहळू मान वर करा. आणि काहीतरी बोला. हळूच.”

ताईने मान वर केली. आधी खिडकी बघितली, मग छत, मग नवरा. मग सासूबाईंकडे वळली. खोल, खरखरीत, पण तिचाच आवाज बाहेर आला.

“आई, मधे मधे स्वतःचं घुसवत होतात ना, मला सगळं कळत होतं.”

फिटर खुर्चीवरून उडाला. सर्जनबाई भिंतीकडे तोंड करून हसल्या. सासूबाईंनी ते शब्द ओठांवरून स्वच्छ वाचले होते. मी त्यांचा चेहरा बघत होते ना. त्या शांतपणे म्हणाल्या, “काय म्हणतेस गं? मला मेलीला काही ऐकू येत नाही.”

चार महिन्यांनी पाण्यात उतरायची परवानगी मिळाली. त्या दिवशी तलावावर पोरं काठाला रांगेने बसली होती. मी डबीत, फिटरच्या शर्टाच्या खिशात. ताईने गळ्यावरचा बारीक आडवा व्रण एकदा चाचपला, छाती भरून श्वास घेतला आणि पाण्यात शिरली. पाण्याखालून ती सरळ जात राहिली. फिटर सेकंद मोजत होता. त्याच्या छातीचे ठोके मला डबीतून ऐकू येत होते. अर्ध्यावर ती वर आली, केस मागे सारले आणि पहिला शब्द काय ओरडली असेल?

“काय बघताय? पाय मारा!”

आवाज जरासा जाड झालाय. पण त्या टोकाची पोरं पाय मारायला लागली.

हल्ली मी ताईबरोबर दर गुरुवारी हॉस्पिटलात जाते. ज्यांच्या गळ्यात माझ्यासारखी नळी आहे आणि ज्यांचं ऑपरेशन व्हायचंय, अशांना ती भेटते. काही बरे होतात. काहींचं ऑपरेशन करताच येत नाही, ते आमच्याबरोबरच राहतात आणि चांगले जगतात. ताई दोघांशीही खरं तेच बोलते. व्हेंटिलेटरवरून परतलेल्या माणसाच्या घरच्यांना तर ती बजावूनच सांगते, “श्वास घेताना आवाज आला, गळ्याखाली खड्डा पडला, तर थांबू नका. मोठ्या डॉक्टरांना दाखवा.”

आज एक शिंपीकाका भेटलेत. उद्या सकाळी त्यांचं ऑपरेशन आहे. ताईने मला डबीतून काढून त्यांच्या तळहातावर ठेवलंय. तळहात घामाने ओला आहे, बोटं सुईने टोचटोचून खडबडीत झालेली आहेत. ते मला उलटसुलट करून बघतायत. मग त्यांनी आपल्या गळ्यातल्या माझ्या बहिणीवरून बोट फिरवलं, आणि तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती सैल झाली.

काका, मला बोलता येत असतं तर एवढंच सांगितलं असतं. तिला नीट सांभाळलंत, तिने तुम्हाला सांभाळलं. उद्या ती निघाली तर तिच्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. आम्ही ज्या गळ्यात बसतो त्याला आमची गरज उरू नये, एवढ्याचसाठी बसतो. निरोप द्या तिला. मोठ्याने द्या.